अतिदक्षता विभागातील रुग्णाचे पोषण : सलाईन म्हणजे अन्न नव्हे

सोलापूर जिल्ह्यात ‘सलाईन चालू आहे, म्हणजे ताकद मिळते आहे’ असा समज रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये आढळतो. वस्तुतः साध्या सलाईनमध्ये केवळ मीठ व पाणी असते. ५ टक्के ग्लुकोजच्या १ लीटर द्रावणातून जेमतेम १७० ते २०० उष्मांक मिळतात. प्रथिने मुळीच नाहीत. ६० किलो वजनाच्या रुग्णास मात्र, तीव्र अवस्था ओसरू लागताच, दररोज सुमारे १५०० उष्मांक व किमान ७२ ग्रॅम प्रथिने लागतात. ती न मिळाल्यास स्नायू झिजतात. श्वसनाचे स्नायू दुर्बल होऊन व्हेंटिलेटर काढणे लांबते. म्हणूनच रक्तदाब स्थिरावताच, २४ ते ४८ तासांत, नळीवाटे आहार सुरू करणे इष्ट ठरते. दीर्घ उपासमार झालेल्या रुग्णात तो हळूहळू वाढवावा. अन्यथा रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम घसरून हृदयास धोका संभवतो. ज्वारीची पेजही नळीतून परस्पर न देता आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच द्यावी. सारांश, पोषण हा उपचाराचाच भाग होय.