परिचारिकांचा व्यावसायिक थकवा व सकारात्मक मानसशास्त्र

कामाच्या दीर्घकालीन ताणातून उद्‌भवणाऱ्या मानसिक शक्तिक्षयास व्यावसायिक थकवा किंवा बर्नआउट म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर ह्यांनी १९७४ मध्ये ह्या अवस्थेचे वर्णन केले. क्रिस्टीना मास्लाक व सूझन जॅक्सन ह्यांच्या मापनपद्धतीनुसार (१९८१) भावनिक शक्तिपात, रुग्णांविषयी कोरडेपणा व स्वतःच्या कर्तृत्वाविषयी असमाधान ही त्याची तीन अंगे होत. जागतिक आरोग्य संघटना त्यास रोग न मानता व्यवसायजन्य अवस्था मानते. रात्रपाळ्या, अपुरे मनुष्यबळ व वेदना-मृत्यूचे नित्य सान्निध्य ह्यांमुळे परिचारिकांना त्याचा विशेष धोका असतो.

मार्टिन सेलिग्मन ह्यांनी १९९८ पासून पुरस्कारलेले सकारात्मक मानसशास्त्र व्यक्तीतील गुण, कामातील अर्थपूर्णता व परस्परस्नेह ह्यांच्या संवर्धनावर भर देते. दिवसातील तीन चांगल्या घटना व त्यांची कारणे रोज लिहून ठेवणे, हा त्यातील एक सोपा उपक्रम होय.

अर्थपूर्णता व स्नेहभाव ह्यांचे बळ मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात दिसून आले. तेथील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ मधील हल्ल्यानंतर अंथरुणास खिळल्या. २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, परिचारिकांच्या अनेक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. तथापि हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी चांगल्या सेवास्थितीसाठी संपही केला होता. ह्या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहावयास हव्यात. मनोबल वाढविणारे उपक्रम पुरेशा मनुष्यबळास, विश्रांतीस व सुरक्षिततेस पूरक ठरतात. त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. अन्यथा व्यवस्थेतील उणिवांचा भार थकलेल्या परिचारिकेवरच पडतो.