वाट मोकळी ठेवा
बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्या बचाव पथकाची ओळख

13 जानेवारी 2018, शनिवारची सकाळ. मुलुंड पूर्वेच्या नाणेपाड्यात बिबट्या शिरला आणि बघता बघता पाच-सहा जण जखमी झाले. त्याच्या महिनाभर आधी, 10 डिसेंबर 2017 रोजी, अंधेरी पूर्वेच्या शेर-ए-पंजाब वसाहतीतल्या एका बालवाडीत बिबट्या घुसला होता. रविवार असल्यामुळे मुलं घरी होती. दोन्ही ठिकाणी अखेर एकच पथक पोहोचलं आणि दोन्ही बिबटे बेशुद्ध करून जिवंत बाहेर काढले गेले. ते पथक म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं बिबट्या बचाव पथक.

पशुवैद्य, वनपाल, वनरक्षक, चालक आणि पिंजरा घेऊन निघणारी गाडी, एवढाच हा संसार. गेल्या दशकातल्या अनेक मोहिमांत पशुवैद्य डॉ. शैलेश पेठे यांनी बेशुद्धीचं इंजेक्शन मारण्याची जबाबदारी सांभाळली. आफ्रिकेतल्या शिकारी सफारीवर जनावर अंगावर आलं, तर पाहुण्याच्या पाठीशी मोठ्या बोरची रायफल घेतलेला जाणता शिकारी उभा असतो. शेवटचा उपाय म्हणजे गोळी. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली आणि बिबट्याला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. त्यामुळे या पथकाला समोरचं जनावरही वाचवायचं असतं आणि मागची माणसंही.

बिबट्या अंगावर का येतो, हे नीट समजून घेतलं पाहिजे. वस्तीत शिरलेला बिबट्या बहुतेक वेळा माणसाची शिकार करायला आलेला नसतो. उजाडतं, माणसं जागी होतात, आरडाओरडा सुरू होतो आणि परतीची वाट बंद होते. मग तो जिन्याखाली, न्हाणीघरात, गाडीखाली अंग चोरून बसतो. आधी तो धमकावतो: कान मागे पाडतो, दात विचकतो, गुरगुरतो. तरीही माणूस पुढे सरकला, तर तो झेप घेतो. पन्नास-साठ किलोचा नर दहा मीटर अंतर दोन सेकंदांच्या आत तोडतो. तेवढ्यात कुणाला काही सुचत नाही. म्हणून पथकाचा खरा बचाव झेपेच्या कितीतरी आधी सुरू होतो. पोलिसांच्या मदतीने गल्ली रिकामी करायची, गच्च्यांवरची गर्दी हटवायची, मोबाइल उंचावून पुढे येणाऱ्यांना मागे रेटायचं, दारं-खिडक्यांना जाळी लावायची. बिबट्यापेक्षा जमाव आवरणं कठीण, हे या कामातला माणूस हमखास सांगतो.

यानंतर पशुवैद्य पुढे होतो. समोरच्या जनावराचं वजन नजरेने जोखून केटामाइन आणि झायलाझिन यांचं मिश्रण सिरिंजच्या डार्टमध्ये भरलं जातं. अंतर कमी असेल तर ब्लोपाइप, म्हणजे फुंकनळी. लांबून मारायचं असेल तर डार्टची बंदूक. नेम मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड मांसावर. डार्ट लागला की बिबट्या दचकून उसळतो, आणि सगळ्यात धोक्याची घटका हीच. औषध चढायला साधारण दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि घाबरलेल्या जनावराला त्याहून जास्त. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. जखमी बिबट्याच्या मागे झुडपात शिरायला जुने शिकारीही कचरत; इथेही घाईने आत गेलेला माणूस पंजाखाली सापडतो. जनावर आडवं झालं, तरी आधी लांब काठीने डिवचून पाहतात. कान हलला, तर पुन्हा थांबायचं. केटामाइनमध्ये डोळे उघडेच राहतात, म्हणून बुबुळं सुकू नयेत यासाठी त्यात मलम घालून वर कापड टाकतात. मग श्वास, नाडी आणि ताप बघत त्याला पिंजऱ्यात ठेवायचं आणि उतारा टोचायचा.

हे शहाणपण किंमत मोजून आलं आहे. 2004 साली या उद्यानाच्या कडेने बिबट्यांचे हल्ले शिगेला पोहोचले; एकट्या जून महिन्यात दहा जणांचे जीव गेले. त्या काळात दिसला बिबट्या की लाव पिंजरा आणि सोड दुसऱ्या जंगलात, अशी रीत होती. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर परिसरात केलेल्या अभ्यासातून दिसलं की, असे उचलून नेलेले बिबटे जिथे सोडले, तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलखात भेदरलेलं जनावर अधिक धोक्याचं असतं. 2011 साली उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये यांच्या काळात ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) हा उपक्रम सुरू झाला आणि वनखातं, संशोधक, पोलिस, पत्रकार व रहिवासी एकत्र बसू लागले.

सुमारे 104 चौरस किलोमीटरचं हे उद्यान आणि त्याला लागून आरे वसाहत. 2015 च्या कॅमेरा ट्रॅप गणनेत या परिसरात 35 बिबटे आढळले, 2018 मध्ये 47. त्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा सुमारे चौथा हिस्सा होता. म्हणजे जिथे उघडा कचरा, तिथे कुत्री. जिथे कुत्री, तिथे बिबट्या. 2022 च्या दिवाळीत आरेमध्ये सोळा महिन्यांच्या एका चिमुरडीचा जीव गेला. ते दुःख कोणत्याही आकडेवारीने हलकं होत नाही. म्हणूनच रस्त्यावर दिवे, घराजवळ शौचालय, वेळच्या वेळी उचललेला कचरा आणि अंधारात लेकरांसोबत मोठं माणूस, या गोष्टी पिंजऱ्याइतक्याच गरजेच्या आहेत. आरेच्या आणि उद्यानातल्या पाड्यांवरचे वारली वाघोबाला पूजतात, वाघबारस पाळतात. बिबट्या शेजारी आहे, हे त्यांनी केव्हाच मान्य केलं आहे.

तुमच्या सोसायटीत बिबट्या दिसला, तर पळू नका, वाकू नका, पाठ फिरवू नका. लहानग्याला उचलून घ्या आणि बिबट्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका. घरात शिरून दार लावा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. बघ्यांच्या गर्दीत आपण एक कमी झालो, तर बिबट्याला जायला वाट मिळते, आणि वाट मिळालेला बिबट्या बहुधा पथक पोहोचण्याआधीच निघून गेलेला असतो.