टोल्किनच्या कथेत पुराणं कशी मुरली

'द हॉबिट' (१९३७) वाचताना थोरिन, फीली, कीली, बोंबुर ही बुटक्यांची नावं मुलांसाठी केलेली गंमत वाटतात. पण जे. आर. आर. टोल्किन यांनी ती उचलली आहेत 'व्होलुस्पा' या जुन्या नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या नामावळीतून. गँडाल्फही तिथलाच, पहिल्या खर्ड्यात तर हे नाव बुटक्यांच्या म्होरक्याला होतं, जादूगाराला नव्हे. नावं उचलणं ही उसनवारीची सगळ्यात सोपी पायरी. यादी सापडली की कोडं सुटलं.

प्रसंगांची उसनवारी जास्त मजेची. टोल्किन ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते आणि 'बेओवुल्फ' हा त्यांच्या खास अभ्यासाचा विषय. त्या काव्यात झोपलेल्या ड्रॅगनच्या खजिन्यातून कुणीतरी एक पेला पळवतो. ड्रॅगन जागा होतो आणि मुलूख जाळत सुटतो. 'द हॉबिट'चा नायक बिल्बोही स्मॉग या ड्रॅगनच्या ढिगातून पेलाच लांबवतो. फरक एवढाच, की जुन्या काव्यात चोराला काडीचं महत्त्व नाही, सगळी कथा म्हाताऱ्या राजाच्या झुंजीची. टोल्किननी राजाला बाजूला सारून चोराला नायक केलं.

'कालेवाला'चं उदाहरण याहून गडद. एलियास ल्योनरोट यांनी फिनिश लोकगीतं जुळवून १८३५ मध्ये हे महाकाव्य सिद्ध केलं. त्यातला कुलेर्वो नकळत सख्ख्या बहिणीशी संग करतो. खरं कळल्यावर ती नदीत उडी घेते. पुढे तो आपल्या तलवारीला विचारतो, माझं रक्त पिशील का? तलवार होकार देते. टोल्किनच्या तूरिन या नायकाची गत थेट हीच, तलवारीच्या उत्तरासकट. पण कुलेर्वोची बहीण रानात वाट चुकल्यामुळे दुरावलेली असते. तूरिनच्या बहिणीची स्मृती ग्लाउरुंग हा ड्रॅगन मुद्दाम पुसतो. योगायोगाच्या जागी दुष्टावा आला आणि शोकांतिकेचं वजनच बदललं. हा ड्रॅगन पोटाखालून वार होऊन मरतो, ती तऱ्हा मात्र नॉर्स कथेतल्या सिगुर्डची.

राहिला धर्म. टोल्किन श्रद्धाळू कॅथलिक, तरी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये देऊळ नाही की पुरोहित नाही. त्यांचे मित्र सी. एस. लुईस यांच्या नार्नियात अस्लान सिंह दुसऱ्याच्या अपराधापायी मरतो आणि पुन्हा उठतो. ख्रिस्त तिथे चटकन ओळखू येतो. टोल्किनना असली उघड रूपकं आवडत नसत. त्यांनी श्रद्धा घटनांच्या कार्यकारणात मुरवली, लोणच्यातल्या मिठासारखी. अगदी शेवटच्या क्षणी कथानायक फ्रोडो हरतो, जी नष्ट करायला निघाला ती अंगठी टाकायला नकार देतो. तरी ती नष्ट होते, कारण तिला हपापलेला गॉलम जिवंत असतो. आणि तो जिवंत असतो, कारण आधी बिल्बोनं आणि मग फ्रोडोनं दया येऊन त्याला सोडलेलं असतं. स्वतःच्या बळावर कुणीच तरत नाही, हा अस्सल ख्रिस्ती विचार.

अंगठी नष्ट होते ती तारीख २५ मार्च. मेरीला देवदूतानं येशूच्या जन्माची वार्ता दिली तो हा दिवस, आणि एका जुन्या परंपरेनुसार येशूच्या क्रूसावरील मृत्यूचाही. फ्रोडोची मंडळी रिव्हेंडेलहून या मोहिमेवर निघतात ती २५ डिसेंबरला. कथेच्या ओघात या तारखा सहज निसटतात. परिशिष्टातल्या कालपटात दोन्ही नोंदवलेल्या आहेत.