वर्गाचे दार बंद झाल्यावर

मुख्याध्यापकाने शाळा कशी चालवावी याविषयीचे बहुतेक सिद्धान्त शाळेत जन्मलेले नाहीत. काही पोलादाच्या कारखान्यातून आले, काही टेलिफोनचे सुटे भाग जोडणाऱ्या कामगार स्त्रियांच्या निरीक्षणातून, तर काही सरकारी कचेऱ्यांच्या अभ्यासातून. शाळेने ते उसने घेतले आणि अंगावर बेतून पाहिले. कुठे बरे बसले, कुठे काखेत आवळले. शालेय व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत हे सिद्धान्त सनावळीसकट ओळीने मांडलेले असतात. पण एकानंतर दुसरा का आला हे कळायला दर वेळी शाळेतली कोणती गोष्ट त्या मापात मावली नाही, ते पाहावे लागते.

पहिली मोठी उसनवारी फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरकडून झाली. बेथलेहेम स्टील कंपनीत कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाघिणीत चढवणारा मजूर दिवसाला साधारण १२.५ टन माल हलवी. टेलरने कधी उचलायचे, कधी चालायचे आणि कधी बसायचे हे ठरवून दिले, मजुरी वाढवली आणि हाच आकडा ४७.५ टनांवर नेल्याचे सांगितले. १९११ मध्ये त्याचे ‘शास्त्रीय व्यवस्थापना’वरचे पुस्तक आले. कामाची सर्वोत्तम पद्धत एकच असते. ती शोधायची वरिष्ठाने आणि पाळायची मजुराने, हा त्याचा गाभा.

दोनच वर्षांत ही हवा शाळेत शिरली. मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन या गावाचे शाळाप्रमुख फ्रँक स्पॉल्डिंग यांनी १९१३ मध्ये शिक्षणप्रशासकांपुढे एक हिशेब मांडला. एका विद्यार्थ्याने एका तासिकेला बसणे हे त्यांचे माप. एका डॉलरमध्ये ग्रीकच्या अशा ५.९ तासिका मिळतात आणि फ्रेंचच्या २३.८; मग ग्रीक इतक्या महागात का घ्यायचे, असा त्यांचा सवाल. ग्रीकच्या वर्गात मुले कमी, म्हणून दरडोई खर्च जास्त, एवढाच खरे तर या आकड्यांचा अर्थ. ग्रीक शिकून मुलाचे काय होते, हा प्रश्न या वहीखात्यात बसतच नव्हता. १९१६ मध्ये एलवुड कबर्ली यांच्या शालेय प्रशासनावरील पुस्तकात तर शाळा म्हणजे कारखाना आणि मुले म्हणजे कच्चा माल, ही उपमा सरळच आली. रेमंड कॅलहॅन यांनी १९६२ मध्ये या काळाचा इतिहास लिहिला. त्यांच्या मते शाळाप्रमुखांनी हे सारे पटले म्हणून कमी आणि नोकरी टिकवण्यासाठी जास्त स्वीकारले, कारण शाळा मंडळांवर व्यापारी बसले होते आणि वर्तमानपत्रे उधळपट्टीची ओरड करीत होती. दरडोई खर्चाचा तक्ता हे तेव्हा शाळाप्रमुखाचे चिलखत होते.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये खाणींच्या कारभारात आयुष्य घालवलेले हेन्री फेयोल यांनी प्रशासनाची चौदा तत्त्वे मांडली. एका माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाचा असावा, हे त्यांतले सर्वांत ठाऊक असलेले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी नोकरशाहीचे वर्णन केले: लेखी नियम, पदांची उतरंड, व्यक्तीऐवजी पदाला अधिकार आणि प्रत्येक गोष्टीची नोंद. जनरल रजिस्टर, हजेरीपट आणि शेरेपुस्तक सांभाळणाऱ्या कोणत्याही शाळेला हे वर्णन ओळखीचे वाटेल. नोकरशाही हा शब्द हल्ली शिवीसारखाच वापरला जातो, पण त्यात अन्याय आहे. महाराष्ट्रात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि त्याची नियमावली १९८१ ची. तोंडी हुकमाने शिक्षकाला घरी पाठवणाऱ्या संस्थाचालकाला आवर घातला तो असल्याच लेखी नियमांनी. त्याच नियमावलीत, पात्रता आणि समाधानकारक सेवा असल्यास मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठ शिक्षकाला द्यावे, असेही आहे. वशिल्याला त्याने चाप बसतो. मात्र वीस-पंचवीस वर्षे उत्तम शिकवलेला माणूस दुसऱ्याचे शिकवणे सुधारू शकेल का, हे ज्येष्ठता यादी पाहून कळत नाही.

नियम आणि हिशेब यांच्या पलीकडे माणसे असतात, याची जाणीव कारखान्यालाही झाली. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. प्रकाश, विश्रांती आणि कामाचे तास यांपेक्षाही आपल्याकडे कोणी लक्ष देते आहे आणि आपला एक गट आहे या भावनेने काम वाढते, असा निष्कर्ष त्यांतून काढला गेला. पुढे त्या आकडेवारीवर बरीच टीका झाली, तरी ‘मानवी संबंधां’ची विचारधारा रुजली.

शाळेच्या दृष्टीने त्याहून बोलका प्रयोग कुर्ट लेविन यांचा आहे. जर्मनीत हिटलर आल्यावर अमेरिकेत आलेले लेविन तेव्हा आयोवा विद्यापीठात होते. रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्यासह त्यांनी दहा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळे बनवली. मुले मुखवटे करीत, रंगकाम करीत. एका मंडळाचा प्रमुख हुकूमशहासारखा वागे: पुढची पायरी तोच सांगे, कोणी कोणाबरोबर बसायचे तेही तोच ठरवी. दुसऱ्यात सगळे चर्चेने ठरे. तिसरा प्रमुख नुसता उभा राही. मुलांनी विचारले तरच बोले. १९३९ मध्ये निरीक्षणे प्रसिद्ध झाली. हुकमाच्या मंडळात प्रमुख समोर असेपर्यंत काम भरपूर होई, पण तो खोलीबाहेर पडला की हात थांबत. चर्चेच्या मंडळात प्रमुख असो-नसो, कामात फारसा फरक पडत नसे. प्रमुखांची तुलना करायला सांगितल्यावर वीसपैकी एकोणीस मुलांनी लोकशाहीवादी प्रमुख पसंत केला. हुकूमशहा आवडलेला विसावा मुलगा लष्करी अधिकाऱ्याचा होता.

प्रमुख खोलीबाहेर गेल्यावर काय होते, याचे उत्तर शाळेला फार जवळून लागते, कारण मुख्याध्यापक वर्गाच्या बाहेरच असतो. डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० मध्ये हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने मांडली: माणूस मुळात कामचुकार असतो असे मानणारा साहेब आणि माणसाला जबाबदारी हवी असते असे मानणारा साहेब, दोघांनाही आपापल्या समजुतीसारखीच माणसे भेटतात.

पन्नाशी-साठीच्या दशकांत शाळेकडे शाळा म्हणून पाहायला सुरुवात झाली. जेकब गेट्झेल्स आणि इगॉन ग्युबा यांनी १९५७ मध्ये सांगितले की शाळेतील वागणूक दोन ओढींतून घडते: पद काय मागते आणि त्या पदावरच्या माणसाला काय हवे. अँड्र्यू हॅल्पिन आणि डॉन क्रॉफ्ट यांनी अमेरिकेतील ७१ प्राथमिक शाळांत शिक्षकांना ६४ विधानांची प्रश्नावली दिली आणि मोकळ्यापासून कोंदटापर्यंत शालेय वातावरणाचे सहा प्रकार ठरवले. शिक्षक एकमेकांत मिसळतात का, मुख्याध्यापक कागदपत्रांचा नसता भार टाकतो का, आणि इतरांकडून मागण्याआधी स्वतः राबतो का, अशी त्यांची मापे होती. शिक्षणशास्त्राच्या भारतीय प्रबंधांतही ही प्रश्नावली खूप वापरली गेली. शिक्षकदालनात पाऊल टाकताच जे जाणवते, त्याला तिने आकडा दिला.

खरा धक्का कार्ल वाइक यांच्या १९७६ च्या लेखाने दिला. शिक्षणसंस्थेचे भाग एकमेकांना सैल जोडलेले असतात, असे त्यांनी म्हटले. कारखान्यात एक पट्टा थांबला की पुढचे यंत्र थांबते. शाळेत वरून परिपत्रक आले तरी सातवी ‘ब’च्या गणिताच्या तासाला काहीही होत नाही, असे घडू शकते. याच सुमारास जॉन मेयर आणि ब्रायन रोवन यांनी पुढचा मुद्दा मांडला: शाळा वेळापत्रक, पदव्या आणि इयत्ता यांबाबत काटेकोर असतात, पण प्रत्यक्ष शिकवण्याची तपासणी टाळतात आणि परस्परांवरच्या विश्वासावर गाडा चालतो.

टाचणवहीचे उदाहरण घेता येईल. आठवड्याच्या सुरुवातीला वह्यांची चवड मुख्याध्यापकांच्या टेबलावर येते. घटक, उपघटक, उद्दिष्टे आणि शैक्षणिक साहित्य असे रकाने भरलेले असतात. पाने उलटतात, लाल शाईत सही पडते, तारीख पडते, वह्या परत जातात. तासाला शिक्षक वही उघडेलच असे नाही. सही शिकवण्यावर नसते, शिकवण्याच्या नोंदीवर असते. वाइक यांना ही सैल जोडणी निव्वळ दोष वाटत नव्हती. एका वर्गातला बिघाड तिच्यामुळे सगळ्या शाळेत पसरत नाही आणि एखादा शिक्षक नवे काही करून पाहू शकतो. पण टेलर आणि फेयोल यांच्या हुकमाच्या साखळीचा शेवटचा दुवा वर्गाच्या दारापाशी निखळलेला असतो, हे त्यातून उघड झाले.

मग दाराच्या आत पोचायचे कसे? जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये राजकीय नेत्यांवर लिहिताना नेतृत्वाचे दोन प्रकार केले: देवाणघेवाणीचे आणि परिवर्तन घडवणारे. बर्नार्ड बास यांनी ते संस्थांना लावले आणि शाळांनी तेथून उचलले. शिक्षकाला ध्येय पटले की दारामागेही काम होईल, ही त्यामागची आशा. दुसरी वाट रोनाल्ड एडमंड्स यांची. १९६६ च्या कोलमन अहवालाचा अर्थ, मुलाचे यश शाळेपेक्षा घरावर अवलंबून, असा लावला जात होता. एडमंड्स यांनी गरीब वस्त्यांतील चांगल्या चालणाऱ्या शाळा शोधल्या आणि तेथे अध्यापनात लक्ष घालणारा खंबीर मुख्याध्यापक आढळतो, असे १९७९ मध्ये मांडले. फिलिप हॅलिंजर यांनी या अध्यापनकेंद्री नेतृत्वाची मापनपद्धती तयार केली.

दोन्ही वाटांची तुलना व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये केली. आधीच्या अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र पाहता, मुलांच्या निकालांवर अध्यापनकेंद्री नेतृत्वाचा परिणाम परिवर्तनवादी नेतृत्वाच्या तिप्पट-चौपट दिसला. सगळ्यांत मोठा परिणाम एका साध्या गोष्टीचा होता: मुख्याध्यापक शिक्षकांच्या प्रशिक्षणाची नुसती व्यवस्था करीत नाही, तर स्वतः त्यांच्याबरोबर शिकायला बसतो. ध्येयाची भाषणे ठोकणाऱ्यांना हा निष्कर्ष फारसा रुचणारा नाही. जेम्स स्पिलेन यांनी तर एका माणसाकडे पाहणेच सोडले. त्यांच्या मते नेतृत्व मुख्याध्यापक, विषयप्रमुख आणि अनुभवी शिक्षक यांच्या परस्पर व्यवहारात विखुरलेले असते.

एका शाळेतल्या माणसांप्रमाणेच शाळांनीही एकमेकींना धरून चालावे, हा विचार भारतात त्याआधीच आला होता. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने माध्यमिक शाळा आणि तिच्या भोवतालच्या प्राथमिक शाळा यांचे संकुल सुचवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही कल्पना पुन्हा पुढे आणली. महाराष्ट्रातील केंद्रशाळा, केंद्रप्रमुख आणि शिक्षण परिषदा ही त्याच जातीची रचना आहे; परिषदेत शिक्षक पाठ घेऊन दाखवतात की माहितीचे तक्ते भरतात, यावर तिचे मोल ठरते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया आणून कारभाराचा आणखी एक वाटेकरी उभा केला.

या सगळ्या सिद्धान्तांत एक गोष्ट गृहीत आहे: शाळेला पूर्णवेळ मुख्याध्यापक असतो. त्याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असल्यास दोन शिक्षक आणि मुले दीडशेच्या वर गेल्यावर स्वतंत्र मुख्याध्यापक, असे प्रमाण आहे. वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत म्हणून दोघांतला ज्येष्ठ शिक्षक कार्यभार सांभाळतो. पोषण आहाराच्या तांदळाची नोंद, यू-डायसची माहिती आणि समितीच्या सभेचे इतिवृत्त त्याच्याकडे, आणि दोन-तीन इयत्ताही त्याच्याकडेच. वर्गाचे दार तिथे बंद नसते. पंचायत समितीत बैठकीला बोलावणे आले की तो निघतो आणि पाचही इयत्ता त्या दिवशी दुसऱ्या शिक्षकासमोर एकाच खोलीत बसतात.