तिसऱ्या पानावरचा कळसूत्रीवाला

इटालियन लेखकांची पुस्तकं वाचताना एक नोंद मला बरीच वर्षं खुणावत आली आहे. दिनो बुझ्झातीच्या कथा घ्या, एउजेनियो मोन्तालेची स्फुटं घ्या, आल्बेर्तो मोराव्हियाची प्रवासवर्णनं घ्या. कुठल्या तरी कोपऱ्यात ‘पूर्वप्रसिद्धी : कोरिएरे देल्ला सेरा’ असं सापडतंच. हे मासिक नाही, मिलानचं दैनिक आहे. त्यातलं पुष्कळसं लेखन पुरवणीत न येता रोजच्या अंकात, राजकारणाच्या खडाजंगीला लागूनच, एका ठरलेल्या जागी यायचं : तिसऱ्या पानावर. साहित्याला रोज अख्खं पान देण्याची ही चैन यांना परवडायची कशी, या कुतूहलापोटी मी त्या पानाच्या मागे लागलो. वाचत वाचत पोचलो ते तोस्कानातल्या एका कपड्यांच्या कारखान्याच्या कचेरीत.

पण आधी इटालियन दैनिकांचं एकंदर चित्र, धावतं. प्रत्येक मोठ्या शहराला आपलं पत्र : मिलानला ‘कोरिएरे’, तुरीनला ‘ला स्टाम्पा’, रोमला ‘इल मेस्साज्जेरो’, नापोलीला ‘इल मात्तिनो’. बिशपांचं ‘आव्हेनीरे’, आन्तोनियो ग्राम्शीनं १९२४ साली काढलेलं कम्युनिस्टांचं ‘लुनिता’, उद्योजकांच्या महासंघाचं गुलाबी कागदावरचं ‘इल सोले २४ ओरे’. कॅफेतल्या टेबलांवर हमखास पडलेली ‘गाझ्झेत्ता देल्लो स्पोर्त’ही गुलाबीच, पण निव्वळ खेळाची. खेळाला वाहिलेली अशी तीन दैनिकं तिथं निघतात. मात्र अंक विकून चार पैसे मिळवावेत एवढ्याच हेतूनं दैनिक चालवणारा मालक इटलीत विरळा. ‘कोरिएरे’मागे कापड गिरणीवाले क्रेस्पी होते, ‘ला स्टाम्पा’ १९२६पासून फियाटवाल्या आन्येल्लींकडे गेलं, १९५६ साली निघालेल्या ‘इल जोर्नो’ला सरकारी तेल कंपनीच्या एन्रिको मात्तेईचं पाठबळ होतं. दैनिकानं तोटा सोसायचा आणि मालकाला वजन मिळवून द्यायचं, असा हा व्यवहार. तिसरं पान याच व्यवहारावर पोसलं गेलं, असं माझं मत झालं आहे.

त्याच्या जन्माची तारीख ठाऊक आहे. ९ डिसेंबर १९०१च्या रात्री रोमच्या कोस्तांझी थिएटरात गाब्रिएले दानुन्झिओच्या ‘फ्रांचेस्का दा रिमिनी’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नायिका एलेओनोरा दूझे. शहरभर त्याचीच चर्चा. ‘इल जोर्नाले दीतालिया’ हे दैनिक तेव्हा जेमतेम महिन्याभराचं होतं. त्याचा संपादक आल्बेर्तो बेर्गामिनी यानं एका नाटकावर चार माणसं धाडली. एकानं नाटकाबद्दल लिहायचं, दुसऱ्यानं संगीताबद्दल, तिसऱ्यानं नेपथ्य-वेशभूषेबद्दल आणि चौथ्यानं प्रेक्षागृहात कोण कोण आलं होतं त्याबद्दल. दुसऱ्या दिवशी हे सगळं एकत्र, तिसऱ्या पानावर. कल्पना इतकी चालली की पाहता पाहता प्रत्येक प्रतिष्ठित दैनिकानं ती उचलली. पानाच्या डाव्या अंगाला वरच्या बाजूला एक सुबक, सावकाश चालीचा निबंध ही रीतच पडली.

‘कोरिएरे’त या पानाला खरी झळाळी आली. १९००पासून संपादकपदी असलेल्या लुईजी आल्बेर्तिनीनं पिरांदेल्लोच्या कथा छापल्या, लेखकांना मानानं पैसे दिले. १९२५मध्ये फॅसिस्टांच्या दबावाखाली मालकांनी त्यालाच घरी बसवलं. कापडवाल्यांना मुसोलिनीशी वाकडं नको होतं. पान मात्र तसंच चालू राहिलं. साहित्य छापत राहण्यानं हुकूमशाहीला काही अडचण नव्हती. या गोष्टीचा विचार तिसऱ्या पानाचे भक्त सहसा करत नाहीत.

आपल्याशी थेट संबंध असलेला एक प्रसंग सांगायलाच हवा. ३० जानेवारी १९४८. गांधीजींच्या हत्येची बातमी मिलानला आली, तेव्हा संपादक गुल्येल्मो एमानुएल यांना तासा-दोन तासांत लेख हवा होता. कचेरीत तेव्हा कवी मोन्ताले होता. नोकरीवर नव्हता, अधूनमधून लिहायचा इतकंच. त्याला बसवलं. त्यानं लिहिलेला लेख दुसऱ्या दिवशी निनावी छापून आला आणि त्या कामगिरीवर त्याला कायमची नोकरी मिळाली. १९७५ साली नोबेल मिळवणारा हा कवी दैनिकाच्या पगारपत्रकावर आला तो असा, दिल्लीतल्या त्या संध्याकाळमुळे.

आणि मुंबई. १९६०च्या अखेरीस मोराव्हिया आणि पिएर पाओलो पाझोलिनी भारतात आले. मोराव्हियानं ‘कोरिएरे’साठी लिहिलं, पाझोलिनीनं ‘इल जोर्नो’साठी. एकच प्रवास, दोन मित्र, दोन प्रतिस्पर्धी दैनिकं. दोन्ही लेखमालांची पुस्तकं १९६२ साली निघाली. पाझोलिनीचं पुस्तक सुरू होतं तेच मध्यरात्रीच्या सुमारास, ताजमहाल हॉटेल आणि गेटवे ऑफ इंडियाच्या परिसरात. मोराव्हिया हिंदू धर्माचा उलगडा करत बसतो, तर पाझोलिनी हॉटेलातून निसटून रस्त्यावरच्या पोरांमागे भटकतो. मला दुसरा अधिक विश्वासार्ह वाटतो. त्याला भारत समजला म्हणून नाही. आपल्याला तो समजत नाही, हे त्यानं लपवलं नाही म्हणून.

पुढं १९७३पासून, पिएरो ओत्तोने संपादक असताना, पाझोलिनी ‘कोरिएरे’तही लिहू लागला. १४ नोव्हेंबर १९७४चा त्याचा लेख थेट पहिल्या पानावर आला. देशातल्या बॉम्बस्फोटांमागचे गुन्हेगार कोण ते मला ठाऊक आहे, पुरावा मात्र माझ्याकडे नाही, असा त्याचा सूर. पुढच्याच वर्षी पाझोलिनीचा खून झाला. ओत्तोनेच्या डाव्या कलावर चिडून इन्द्रो मोन्तानेल्ली हा बुजुर्ग पत्रकार बाहेर पडला होता. त्यानं ‘इल जोर्नाले’ काढलं. १९७७ साली ‘रेड ब्रिगेड’ या अतिडाव्या दहशतवादी गटानं त्याच्या पायांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा ‘कोरिएरे’नं मथळ्यात त्याचं नावसुद्धा घेतलं नाही. जवळपास ३५ वर्षं जिथं लिहिलं, त्या दैनिकानं!

आता कचेरीकडे. १९७४मध्ये ‘कोरिएरे’ रित्झोली या प्रकाशक घराण्यानं घेतलं आणि हे घराणं कर्जात रुतत गेलं. मदतीला धावून आला बांको आंब्रोसियानो या बँकेचा रोबेर्तो काल्व्ही. त्याच्याभोवती वावरणारा माणूस म्हणजे लिचो जेल्ली, अरेत्सोचा एक व्यापारी, ‘पी-टू’ नावाच्या गुप्त फ्रीमेसन मंडळाचा सूत्रधार. ५ ऑक्टोबर १९८० रोजी ‘कोरिएरे’च्या तिसऱ्या पानावर पानभर मुलाखत झळकली : ‘पी-टू’चे महाशय प्रथमच बोलतात. घेणारा माउरित्सिओ कोस्तान्झो, टीव्हीवरचा लाडका सूत्रसंचालक आणि रित्झोलींच्याच दुसऱ्या दैनिकाचा संपादक. मोठेपणी कोण व्हायचं होतं, असं लहानपणी कुणी विचारलं असतं तर ‘कळसूत्री बाहुल्या नाचवणारा’ असंच मी सांगितलं असतं, असं जेल्ली त्यात बिनदिक्कत म्हणतो. एकही प्रश्न बोचरा नाही. ज्या जागी बुझ्झाती, मोन्ताले छापून आले, तिथं हा माणूस आरामात बसून राज्यघटना बदलायच्या गोष्टी करतो.

१७ मार्च १९८१ रोजी उलगडा झाला. मिलानचे दोन तपास न्यायाधीश, गेरार्दो कोलोम्बो आणि जुलिआनो तुरोने, सिंदोना नावाच्या बँकवाल्याच्या बनावट अपहरणाचा माग काढत होते. त्यांनी कास्तील्योन फिबोक्की गावातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यात, जेल्लीच्या कचेरीवर छापा घालायला वित्त पोलीस पाठवले. सापडली ‘पी-टू’च्या सदस्यांची, ९६२ नावांची यादी. तपासणी चालू असतानाच वित्त पोलिसांच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचा फोन आला : यादीत माझंही नाव आहे, जपून! मंत्री, खासदार, सेनाधिकारी, गुप्तचर यंत्रणांचे प्रमुख, मिलानचा एक बांधकाम व्यावसायिक सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी. शिवाय ‘कोरिएरे’चा मालक आंजेलो रित्झोली, महाव्यवस्थापक ब्रुनो तास्सान दिन आणि संपादक फ्रांको दी बेल्ला. अर्थात मुलाखत घेणारा कोस्तान्झोही! पुढं जेल्लीच्या मुलीच्या बॅगेच्या चोरकप्प्यातून एक योजनाही निघाली. प्रत्येक मोठ्या दैनिकात दोन-तीन पत्रकार आपलेसे करून घ्यायचे, असं तीत लिहिलेलं. दैनिकांची यादी जोडलेली होती आणि ‘कोरिएरे’ अर्थातच तीत होतं.

मे महिन्यात यादी जाहीर झाली, सरकार कोसळलं आणि पंतप्रधान झाले जोव्हान्नी स्पादोलिनी. हे गृहस्थ १९७२पर्यंत ‘कोरिएरे’चे संपादक होते, मालकीणबाई जुलिया मारिया क्रेस्पी यांनी त्यांना काढून टाकलं होतं. दी बेल्लाचं संपादकपद गेलं. एंझो ब्याजीसारखे लेखक ‘ला रेपुब्लिका’कडे गेले. १९७६ साली एउजेनियो स्काल्फारीनं काढलेल्या या दैनिकानं तिसऱ्या पानाची प्रथाच मोडून संस्कृतीला अंकाच्या मधल्या जोडपानावर नेलं होतं. ऐंशीच्या दशकात काही काळ त्यानं खपात ‘कोरिएरे’ला मागे टाकलं. काल्व्ही जून १९८२मध्ये लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेला सापडला. जेल्ली मात्र २०१५पर्यंत जगला आणि अरेत्सोच्या आपल्या बंगल्यात वारला.

मोन्ताले-मोराव्हियांचा दर्जा खोटा होता असं मी म्हणणार नाही. तो खरा होता, म्हणूनच जेल्लीला ते पान हवंसं वाटलं. ऑगस्ट १९८१मध्ये इटलीनं ४१६ क्रमांकाचा कायदा केला : दैनिकाचा खरा मालक कोण ते उघड करायचं आणि कुणाही एकाकडे देशातल्या दैनिकांच्या एकूण खपाच्या २० टक्क्यांहून जास्त वाटा जाऊ द्यायचा नाही. आज ‘कोरिएरे’ आणि ‘गाझ्झेत्ता’ उर्बानो काइरोकडे आहेत. तोरीनो हा फुटबॉल क्लब आणि ‘ला-सेत्ते’ ही टीव्ही वाहिनीही त्याचीच. ‘मेस्साज्जेरो’ आणि ‘मात्तिनो’ बांधकामवाल्या काल्ताजिरोने कुटुंबाकडे आहेत, ‘इल जोर्नाले’ आणि ‘लीबेरो’ खासगी रुग्णालयं चालवणाऱ्या आंजेलुच्चींकडे. मालक अजूनही वर्तमानपत्राबाहेरचेच आहेत. फक्त त्यांची नावं कळायला आता कुणाच्या कचेरीवर छापा घालावा लागत नाही.