क्षयापासून एड्सपर्यंत : तांबरमची साक्ष

‘पूर्वीची माणसे आता राहिली नाहीत,’ हे वाक्य प्रत्येक पिढीने आपल्या उतारवयात उच्चारलेले आहे. समाजाची नीतिमत्ता घसरली की सुधारली, हा वाद मग पोशाख, चित्रपट आणि तरुणांची वर्तणूक यांभोवतीच घुटमळत राहतो. ज्याच्या स्पर्शाचेही भय वाटते अशा रोग्याला समाज कसा वागवतो, ही कसोटी सहसा कोणी लावत नाही. चेन्नईलगतच्या तांबरमला मात्र ती दोनदा लागली.

येथील उपनगरी रेल्वेमार्गावर ‘तांबरम सॅनेटोरियम’ नावाचे स्थानकच आहे. इंग्लंडमधील आपल्या आरोग्यधामात गणिती रामानुजन यांच्यावर उपचार करणारे डॉ. चौरी मुथू यांनी १९२८ साली येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. १९३७ मध्ये ते सरकारकडे आले. क्षयावर तेव्हा नेमके औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार, एवढाच उपचार. घरात क्षय असल्याचा बोभाटा झाला की ठरलेली सोयरीक मोडे, म्हणून रोग लपवला जाई. ज्याचे गोडवे गायले जातात तो जुना काळ हाच! पुढे औषधे आली. घरी राहून औषध घेणारा रोगीही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो, हे मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. भीती पुष्कळ ओसरली. परंतु तिचे श्रेय माणुसकीला द्यावे की औषधाला?

दुसरी कसोटी १९८६ सालची. एड्स हा परदेशातील स्वैराचाराचा रोग, आपल्या संस्कृतीत त्याला थारा नाही, अशी तेव्हा अनेकांची ठाम समजूत होती. मद्रास मेडिकल कॉलेजातील प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्त तपासण्याचे ठरवले आणि देशातील पहिले एचआयव्हीबाधित उजेडात आले. डॉ. सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील कन्या. संस्कृतीच्या अभिमानाला धक्का देणारे हे सत्य सांगून त्या थांबल्या नाहीत. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र स्थापले आणि इतरत्र नाकारलेल्या रुग्णांना दार उघडले. त्याच वर्षी तांबरमच्या जुन्या क्षयरुग्णालयातही एड्सचे रुग्ण दाखल होऊ लागले. सरकारतर्फे मोफत औषधोपचार १ एप्रिल २००४ रोजी देशातील आठ रुग्णालयांत सुरू झाले, त्यांत तांबरम होते. म्हणजे मधली अकरा वर्षे गरीब रुग्णाला आधार होता तो मुख्यतः शुश्रूषेचाच. औषधाची वाट न पाहता दाखवलेल्या या धैर्याला नीतीखेरीज दुसरे नाव देता येत नाही.

एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा २०१७ साली झाला. डॉ. सॉलोमन २०१५ मध्येच निवर्तल्या होत्या. बाधित तरुण-तरुणींच्या सोयरिकी जुळवण्याचे कामही त्यांनी हयातीत अगत्याने केले.