पेशीतला मुद्राराक्षस

एचआयव्हीबद्दल काहीही छापून आलं, की वाचकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: हा विषाणू सारखा रूप बदलतो, म्हणूनच त्यावर लस निघत नाही ना? मोठं कारण तेच. आरएनएवरून डीएनए उतरवताना तो धसमुसळेपणा करतो आणि त्या चुकांतूनच त्याला नवनवे मुखवटे मिळतात. गंमत म्हणजे माणसाच्या पेशींनाही हीच विद्या अवगत आहे. त्या विषाणूच्या मजकुरात इतक्या चुका घुसडतात, की त्याचा अर्थच लागू नये.

हे उलगडलं एका कोड्यातून. एचआयव्हीची जनुकं अवघी ९. त्यांतलं ‘व्हिफ’ काढून टाकलं, तर काही पेशींमध्ये विषाणू मजेत वाढे आणि काहींमधून निपजलेला मात्र निकामी निघे. १९८७पासून हा घोळ चालू होता. या दुसऱ्या पेशींत काही कमी होतं, की जास्त? १९९८मध्ये मायकेल मलिम आणि डेव्हिड कबाट यांच्या गटांनी, वेगवेगळे प्रयोग करून, दोन्ही जातींच्या पेशी एकजीव केल्या. त्या जोडपेशीतूनही व्हिफविना विषाणू निकामीच निघाला. म्हणजे तिथे विषाणूचा कोणी वैरी दडलेला होता आणि त्याचा काटा काढणं हे व्हिफचं काम होतं.

वैरी हाती लागला २००२मध्ये. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मलिम यांच्या प्रयोगशाळेत ॲन शीही यांनी एकाच घराण्यातले दोन पेशीवाण घेतले आणि एकात चालू, दुसऱ्यात बंद अशी जनुकं वजाबाकी करून वेगळी काढली. त्यांत सापडलेलं एक जनुक आज अपोबेक-३जी या नावाने ओळखलं जातं. शोधाची गोष्ट सांगताना मलिम यांचं नाव हटकून येतं. निबंधावरचं पहिलं नाव शीही यांचं आहे, हे सांगायचं मात्र बहुधा राहून जातं.

अपोबेक हे आडनाव आलं थेट आतड्यातून! या कुळातला अपोबेक-१ तिथे चरबी वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाच्या आरएनएतलं एकच ‘सी’ अक्षर बदलून ‘यू’ करतो. त्या जागी पूर्णविराम पडतो आणि ४८ टक्के लांबीचं आखूड प्रथिन तयार होतं. आतड्याचं काम त्यावरच चालतं. अपोबेक-३जीला खोड तीच, फक्त तो ती विषाणूवर काढतो.

खिळे जुळवून छपाई व्हायची, तेव्हा चुकांचं खापर मुद्राराक्षसावर फुटायचं. अपोबेक-३जी हा तसलाच राक्षस, पण मुद्दाम पेरलेला. नवा विषाणू बांधला जात असतानाच तो आत शिरून बसतो. विषाणू पुढच्या पेशीत जाऊन डीएनएची पहिली साखळी जुळवू लागला, की हा तिच्यातल्या ‘सी’चे ‘यू’ करत सुटतो. तिच्यावरून दुसरी साखळी उतरवली जाते, तेव्हा ‘जी’च्या जागी ‘ए’ येऊन बसतो. याला लागोपाठचे दोन ‘सी’ फार आवडतात, त्यामुळे ट्रिप्टोफॅनचा ‘टीजीजी’ हा शब्द अलगद ‘टीएजी’ होतो. ‘टीएजी’ म्हणजे पूर्णविराम. प्रथिनाचं वाक्य तिथेच तुटतं. शिवाय एकही अक्षर न बदलता, नुसता वाटेत ठाण मांडूनही तो ही नक्कल रखडवतो.

या राक्षसाचे ठसे १९९१मध्येच दिसले होते. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या सायमन वेन-हॉब्सन यांच्या गटाला एचआयव्हीच्या काही प्रतींत ‘जी’च्या जागी ‘ए’ची नुसती रांग लागलेली आढळली होती. ठसे कुणाचे, हे मात्र २००३मध्ये कळलं.

व्हिफचा उतारा सरळ आहे. तो अपोबेक-३जीला युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटवायला लावतो आणि पेशीचीच भंगारयंत्रणा त्याचे तुकडे करते. आफ्रिकन हिरव्या माकडाच्या अपोबेक-३जीपुढे एचआयव्हीच्या व्हिफची ही मात्रा चालत नाही. निर्णायक फरक एवढासा, की ३८४ अमिनो आम्लांपैकी १२८वं वेगळं आहे. माणसाच्या प्रथिनात तेवढं एक बदललं, तरी ते व्हिफच्या तावडीतून सुटतं.

मग व्हिफला अडवलं, की काम फत्ते? शोध लागला तेव्हा तसा बराच गाजावाजा झाला. वीस वर्षं उलटून गेली, पण असं एकही औषध बाजारात आलेलं नाही. शिवाय राक्षसाने काम अर्धवट टाकलं, तर ते विषाणूच्या पथ्यावर पडू शकतं: लॅमिव्हुडिन या एचआयव्हीवरच्या औषधाला दाद न देणारा एक बदल नेमका अशाच ‘जी’च्या ‘ए’ होण्यातून घडतो. दुसरीकडे, औषधोपचार चालू असलेल्या रुग्णांच्या पेशींत लपलेल्या विषाणूच्या प्रतींपैकी बऱ्याच या पूर्णविरामांनी कायमच्या गारद झालेल्या असतात. त्या ठेव्याचा आकार मोजणाऱ्या साध्या पीसीआर चाचण्या मात्र जिवंत प्रतींबरोबर या मेलेल्याही मोजतात.